तुम्ही विचारलंत म्हणून: मूल आधी हाताने बोलते की तोंडाने?

मी सांकेतिक भाषा शिकवते हे कळले की बहुतेक जण विचारतात, मुले बोलण्यापेक्षा खुणा लवकर शिकतात ना? माझ्या उत्तराने त्यांची थोडी निराशाच होते, कारण जन्मापासून घरात सांकेतिक भाषा पाहणाऱ्या मुलाचे भाषेचे टप्पे बोली ऐकणाऱ्या मुलाच्या जवळपास त्याच वयात येतात.

ऐकू येणारे बाळ ज्या महिन्यांत ‘बाबाबा’ करत असते, त्याच सुमारास कर्णबधिर आईवडिलांचे कर्णबधिर बाळ हातांनी तशीच लयदार, निरर्थक बडबड करते, हे लॉरा-अ‍ॅन पेटिटो आणि पॉला मॅरेन्टेट यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले. पहिली खूण आठव्या-नवव्या महिन्यातच दिसते, असा दावा काही अभ्यासकांनी केला आहे. तो मला अर्धाच पटतो. त्या वयाचे कोणतेही बाळ टाटा करते, हात पुढे करून मागते, आणि त्याला आपण शब्द म्हणत नाही. दोन खुणा जोडण्याचे वय तर दीड-दोन वर्षांचेच.

मला खरे नवल वाटते ते ‘मी’ आणि ‘तू’चे. अमेरिकन सांकेतिक भाषेत ‘मी’साठी स्वतःकडे आणि ‘तू’साठी समोरच्याकडे बोट दाखवतात; यात चुकायला जागा कुठे? तरीही पेटिटो यांनी निरीक्षण केलेल्या दोन मुलांनी वर्षाच्या आत माणसांकडे खुशाल बोटे दाखवली, मग काही महिने ते सोडूनच दिले, आणि दोन वर्षांची होता होता ‘मी’ म्हणायचे तिथे समोरच्याकडे बोट केले. बोलणारी काही मुले याच वयात हीच गल्लत करतात. बोट तेच, पण आता ते सर्वनाम झालेले असते आणि सर्वनाम शिकावेच लागते.

फरक आहे तो नजरेचा. चेंडूकडे पाहणाऱ्या मुलाला ‘चेंडू’ हा शब्द आपोआप ऐकू येतो. खूण मात्र त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात, चेंडूजवळ, कधी त्याच्या अंगावरच करावी लागते. कर्णबधिर आया हे सहज करतात.

बहुसंख्य कर्णबधिर मुले मात्र ऐकू येणाऱ्या घरांत जन्मतात, जिथे सांकेतिक भाषा कोणालाच येत नसते, आणि ती जितकी उशिरा भेटते तितके तिचे व्याकरण कच्चे राहण्याचा धोका वाढतो. म्हणून असे आईवडील मला हा प्रश्न विचारतात, तेव्हा घरातले किती मोठे शिकायला बसणार आहेत, हे मी त्यांना आधी विचारते.