व्हिडिओ आर्ट शिकायचंय? आधी लूप जमवा

व्हिडिओ आर्ट शिकायचं म्हटलं की मुलं आधी कॅमेऱ्याच्या किमती बघत बसतात. मेहनत घ्यायची ती लूपवर, म्हणजे न थांबता पुन्हा पुन्हा चालणाऱ्या व्हिडिओवर. प्रदर्शनात माणूस केव्हाही आत येतो. व्हिडिओ कुठे सुरू झाला नि कुठे संपला हे त्याला कळताच कामा नये. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत याचा उत्तम सराव होतो. वाऱ्याने फाटून चिंध्या झालेलं एकच पान घ्या.

फोन ट्रायपॉडवर घट्ट बसवा. सेकंदाला २५ फ्रेम, शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ) १/५० सेकंद. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर पान हललं की फोन आपणहून उजेड कमी-जास्त करतो आणि जोड उघडा पडतो. बहुतेक फोनचं अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारं भोक) बदलत नाही, त्यामुळे भर उन्हात १/५० वर चित्र पांढरंफटक होतं. एनडी ६४ फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावा, किंवा दिवस उगवताना शूट करा. शटर १/२००० वर नेलं तर पान झटके खात हलतं.

आता एडिटिंग. डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती पुरते. २४ सेकंदांची क्लिप १२व्या सेकंदाला कापा आणि दुसरा तुकडा आधी ठेवा. मूळ शेवट आणि मूळ सुरुवात आता मध्ये भिडतात. तिथे २ सेकंद एकावर एक चढवून डिझॉल्व्ह द्या, म्हणजे एक चित्र विरताना दुसरं उमटतं. २२ सेकंद उरतात. या लूपची पहिली आणि शेवटची फ्रेम मुळात शेजारच्याच, म्हणून फाईल पुन्हा सुरू होताना धक्का बसत नाही. मात्र डिझॉल्व्हच्या एका बाजूला वाऱ्याचा झोत आणि दुसऱ्या बाजूला पान स्थिर असेल, तर दोन पानं दिसतात. क्लिपची दोन्ही टोकं वारा पडलेला असतानाची निवडा.

आवाजाचा लूप मुद्दाम वेगळ्या लांबीचा करा, ३१ सेकंदांचा. चित्र आणि आवाज पुन्हा एकत्र सुरू व्हायला ६८२ सेकंद लागतात, तोवर तेच पान दर फेरीला नवं वाटतं. ही गंमत सोडू नका! ६८२ सेकंदांची एक फाईल काढा आणि तीच पुढे जोडून दोन-तीन तासांची करा. कारण पेनड्राइव्हवरून टीव्ही फाईल पुन्हा लावताना बऱ्याचदा क्षणभर काळा पडदा दाखवतो.

प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर २ मीटर रुंद चित्राला ३ मीटर अंतर लागतं. मांडववाल्याकडचं पांढरं कापड दुहेरी बांधा, एकेरीतून उजेड आरपार जातो. मे महिन्यात जळगावकडे दुपारी पारा चाळिशीच्या वर असतो आणि तापलेला प्रोजेक्टर स्वतःच बंद पडतो. अंधार पडल्यावरच लावा, पंख्याच्या जाळीपुढे हातभर जागा मोकळी ठेवून.