आडवी ओळ, उभा रकाना

एप्रिल उजाडला की आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची शुभ सकाळवाली फुलं मागं पडतात आणि एकच फाईल फिरायला लागते, निकालाची एक्सेल. कुणा तंत्रस्नेही सरांनी रात्री जागून बनवलेली असते. आपण फक्त नावं आणि मार्क भरायचे, की श्रेणी, निकालपत्रक, प्रगतीपुस्तक सगळं आपोआप तयार. देव भलं करो त्या माणसाचं. 2010 ला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, पहिली-दुसरीला 70 आकारिक (वर्षभर चालता-चालता होणारं), 30 संकलित (सत्राच्या शेवटच्या परीक्षेचं), तिसरी-चौथीला 60-40, पाचवी-सहावीला 50-50, सातवी-आठवीला 40-60, आणि हे सगळं रजिस्टरवर पट्टीनं आखून कॅल्क्युलेटर बडवत ज्यांनी केलंय त्यांनाच त्या फाईलीची किंमत कळेल.

आता एक्सेलचे स्वतःचे नखरे आहेतच. दहापैकी सात म्हणून 7/10 टाईप करा, ते त्याची 7 ऑक्टोबर तारीख करून टाकतं, म्हणजे पोराला गुण नाही, मुहूर्तच मिळतो. जुनी फाईल वेगळ्या फॉन्टमधली असली तर सगळ्या वर्गाची नावं अगम्य चिन्हांत दिसतात. आणि वर्णनात्मक नोंदींचा रकाना वरून खाली ओढला की "हस्ताक्षर वळणदार आहे" हे अख्ख्या वर्गाला, ज्याचं अक्षर त्याला स्वतःलाही लागत नाही त्यालासुद्धा. मुलींपुढे "नीटनेटका राहतो" आलेलं तर कितीतरी प्रगतीपुस्तकांत बघितलंय.

पण ही झाली वर पाठवायची शीट. माझी खरी शीट वेगळी आहे, ती कुणी मागत नाही. डावीकडे नावं, वर महिने, आणि प्रत्येक घरात एकच शब्द: अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद, गोष्ट. म्हणजे त्या महिन्यात पोरगं कुठपर्यंत वाचतंय एवढंच. अक्षराला लाल, गोष्टीला हिरवा, मधले पिवळ्याचे प्रकार, रंग आपोआप भरतो. पोराला जवळ बसवून वाचून घ्यायला दोन-तीन मिनिटं लागतात, शीट भरायला तेवढीही नाही.

आणि ही शीट बघायची कशी, यावर माझं आणि आमच्या स्टाफचं पटत नाही. सगळे उभं बघतात. वरून खाली बोट, पहिला कोण, शेवटचा कोण, लाल किती, हिरवे किती. वरच्या ऑफिसला तेच लागतं म्हणा. मी आडवं बघते. एकाच पोराच्या नावापासून जूनवरून निघायचं आणि उजवीकडे जायचं. एक पोरगी ऑगस्टपासून "शब्द"वरच अडकलेली दिसली, उभ्या रकान्यात ती मधेच कुठेतरी असायची, ना हुशारांत ना ढ मुलांत, म्हणून कुणाचं लक्षच नाही. जोडाक्षर आलं की गप्प व्हायची. मग रोज मधल्या सुट्टीच्या आधी तिच्याकडून फळ्यावरची तारीख-वार-सुविचार वाचून घ्यायला लागले, बाकी विशेष काही नाही.

आमच्याकडे, बीड जिल्ह्यात, आडवी ओळ वाचायची आणखी एक गरज आहे. दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला निघतात, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, घरी आजी असली किंवा गावात हंगामी वसतिगृह असलं तर पोरं मागं राहतात, नाहीतर गेली आईबापासोबत कारखान्यावर. शीटमधली नोव्हेंबर ते मार्चची घरं रिकामी. त्या घरांत टाकायचं काय? मार्कांच्या शीटमध्ये कुणी 0 टाकतं, मग पोरगं नापासासारखं दिसतं. कुणी सेल मोकळा सोडतं, आणि मोकळा सोडला की ॲव्हरेजचा फॉर्म्युला त्या पोराला मोजतच नाही, वर्ग दिवाळीनंतर एकदम हुशार दिसायला लागतो! अहवालात प्रगती, आणि बाकावर जागा रिकामी. मी माझ्या शीटमध्ये तिथं सरळ "कारखाना" असं लिहिते, राखाडी रंगात. निदान ओळ वाचताना कळतं तरी की पोरगं थांबलं नव्हतं, गेलं होतं.

परत आल्यावर वाचन एक-दोन पायऱ्या घसरलेलं असतं, त्यात नवल नाही. पण यातलाच एक जण मार्चअखेर आला आणि मोळ्या, टन, भाव, बापाची उचल किती फिटली आणि किती राहिली, सगळं तोंडी सांगायला लागला, बोटंही न मोजता. वहीत तेच गणित दिलं तर हातचा विसरतो. तयार नमुन्यात याला जागाच नाही. म्हणून मी "तोंडी हिशोब" नावाचा कॉलम शेवटी घातलाय, त्यामुळे आता प्रिंट एका पानात बसत नाही, तो एकटा कॉलम दुसऱ्या कागदावर येतो आणि केंद्रप्रमुख भेटीला आले की तो कागद उलटा-सुलटा करून विचारतात, "मॅडम, हे कशाला जोडलंय?"