पॅच आला की आधी खोडरबर घ्या

एज ऑफ एम्पायर्स टू हा गाव वसवून सैन्य उभारायचा कॉम्प्युटर गेम १९९९ चा, आणि त्याची गाइडं लोक आजही लिहितायत, म्हणजे लिहिणाऱ्यांचा तुटवडा नाहीये. पॅच, म्हणजे गेममध्ये बदल करणारं अपडेट, आला की लिहिलेलं जुनं होतं, ते काढून टाकायला मात्र कोणी पुढे येत नाही. आमच्या ग्रुपचं एक मराठी गाइड आहे, साधं गुगल डॉकवर, नवीन कोणी खेळायला आलं की लिंक टाकायची आणि मोकळं व्हायचं. ते अपडेट ठेवायचं काम हळूहळू माझ्याच गळ्यात पडलंय, म्हणून हे जरा डोक्यात साचलेलं लिहितोय.

शेताचंच बघा. मूळ गेममध्ये शेत संपलं की संपलं, आपणच जाऊन विलेजरला, म्हणजे आपल्या कामगाराला, सांगायचं की बाबा परत पेर. त्यामुळे तेव्हाचा सल्ला एकच, शेतांवर नजर ठेवा. मग २००० साली कॉन्करर्स हा गेमचा जोडभाग आला, मिलमध्ये (म्हणजे गिरणीत) शेतांची रांग आधीच लावता यायला लागली, तेव्हा सल्ला बदलला की रांग लावा पण फार लांब लावू नका, कारण प्रत्येक शेतामागे ६० लाकूड अडकून बसतं. आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये डेफिनिटिव्ह एडिशन ही नवी आवृत्ती आली तिच्यात ऑटो रीसीडचं, म्हणजे शेत आपोआप परत पेरायचं, बटणच दिलं. झालं, विषय संपला. पण मी अशी गाइडं बघितलीयत ज्यात हे तिन्ही सल्ले एकाखाली एक नांदतायत, कारण प्रत्येक वेळी कोणीतरी नवीन ओळ खाली जोडली आणि वरच्या ओळीला हात लावला नाही. का, तर दुसऱ्याने लिहिलंय, आपण कशाला खोडा. नवीन पोरगा बिचारा शेतांवर नजर पण ठेवतो, मिलमध्ये रांग लावायला पण जातो, आणि तोवर समोरच्याचे स्काऊट, म्हणजे हलके घोडेस्वार, त्याच्या लाकूडतोड्यांपाशी पोचलेले असतात.

यातली गंमत अशी की त्या तीन ओळींपैकी एक गोष्ट अजून खरी आहे, ६० लाकूड अडकतं ही. आजही सुरुवातीला लाकूड तंग असलं की चांगले खेळाडू ऑटो रीसीड मुद्दाम बंद ठेवतात, नाहीतर घर किंवा बॅरॅक बांधायला ठेवलेलं लाकूड गुपचूप शेतात जातं. म्हणजे सल्ला मेला पण त्यामागचं कारण जिवंत राहिलं. तेव्हापासून आमच्याकडे एकच नियम केलाय, 'हे करा' असं लिहायचं असेल तर त्याच ओळीत 'का' ते पण लिहा, नाहीतर मी ओळ उडवणार. लोक चिडतात, चिडू देत. कारण लिहिलेलं असलं की पॅच आल्यावर मला फक्त एवढंच बघायचं असतं की ते कारण अजून उभं आहे का.

बिल्ड ऑर्डर, म्हणजे सुरुवातीला काय कधी बनवायचं त्याचे क्रम, इतक्या वर्षांत का टिकल्या तेही यातूनच कळतं. विलेजर २५ सेकंदात बनतो, लूम या विलेजरला मजबूत करणाऱ्या संशोधनाला २५ सेकंद, फ्युडल या पुढच्या युगात जायला ५०० फूड आणि १३० सेकंद, हे पहिल्यापासून तसंच आहे. बहुतेक सिव्हना, म्हणजे खेळायला निवडायच्या संस्कृतींना, सुरुवातीला ३ विलेजर मिळतात. स्काऊट रशला, म्हणजे स्काऊट घेऊन लवकर हल्ला करायला, २० विलेजरवर फ्युडल दाबायचं म्हणजे अजून १७ काढायचे, १७ गुणिले २५, ४२५ सेकंद, वर लूमचे २५, एकूण साडेसात मिनिटं. टीसी, म्हणजे हे सगळं जिथे होतं ते टाउन सेंटर, एक सेकंदही रिकामं बसलं नाही तर ९ मिनिटं ४० सेकंदाला तुम्ही फ्युडलमध्ये. हे गणित गाइडमध्ये उघडं मांडून ठेवलं की कोणालाही तपासता येतं, नुसतं '७:३० ला क्लिक करा' लिहिलं तर ते कुठून आलं आणि कधी बदलायचं हे कोणाच्या बापाला कळणार नाही.

सगळ्यात मोठा राडा झाला तो एप्रिल २०२२ मध्ये, डायनॅस्टीज ऑफ इंडिया हा जोडभाग आला तेव्हा. त्याआधी 'इंडियन्स' नावाची एकच सिव्ह होती, २०१३ च्या फॉरगॉटन या जोडभागापासून. तिचं नाव हिंदुस्तानी झालं आणि सोबत गुर्जर, द्रविड, बंगाली अशा तीन नवीन आल्या. आपल्याकडच्या पोरांना तर केवढा आनंद, जो तो याच चार सिव्ह खेळतोय. आणि बऱ्याच ठिकाणी गाइडवाल्यांनी काय केलं, फाइंड अँड रिप्लेस! इंडियन्स काढा, हिंदुस्तानी टाका, वरती 'अपडेटेड' लिहा. अरे पण हत्तीवरचा तिरंदाज आता कॅसलमध्ये बनतच नाही, तो आर्चरी रेंजमध्ये गेला, हिंदुस्तान्यांच्या कॅसलमधून गुलाम नावाचा सैनिक निघतो. मासेमारीचा फायदा द्रविडांकडे गेला. सुलतान्स ही टेक, म्हणजे संशोधन, जाऊन तिच्या जागी ग्रँड ट्रंक रोड आली. इमारती फोडायचे रॅम गेले, त्यांच्याऐवजी चिलखती हत्ती. म्हणजे नाव नवं आणि पोटात सगळा जुना माल, आणि हे जुन्या गाइडपेक्षा वाईट, कारण जुनं गाइड निदान नावावरून ओळखू तरी येतं. आम्ही ते पान सरळ डिलीट करून कोऱ्यावरून लिहिलं.

आकडे तर मी आता गाइडमध्ये ठेवतच नाही, वरच्यासारखे कधी न हललेले सोडले तर. कम्युनिटीने बनवलेली टेक ट्रीची, म्हणजे कुठल्या सिव्हला काय काय मिळतं ते दाखवणारी, साइट आहे, ती गेमच्या डेटा फाइलमधूनच आकडे उचलते, कोड गिटहबवर उघडा आहे, मग कुठल्या युनिटला किती आर्मर हे आपण हाताने कशाला टाइप करत बसायचं. तिथे बघा म्हणायचं. तसंच कुठली सिव्ह कोणाविरुद्ध चांगली याचे ते लांबलचक तक्ते. १३ सिव्ह होत्या तेव्हा ७८ जोड्या व्हायच्या, हौसेने लिहीत असतील लोक. मे २०२५ मध्ये थ्री किंगडम्स हा जोडभाग आला आणि सिव्ह झाल्या ५०, म्हणजे १२२५ जोड्या. एका बॅलन्स पॅचमध्ये त्यातल्या किती फिरतात ते तुम्हीच बघा. आम्ही तक्ता काढून चार वाक्यं लिहिली, घोडे दिसले तर भाले, तिरंदाज दिसले तर स्कर्मिशर (म्हणजे भाला फेकणारे), अशी, आणि आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

अजून एक, जागा कुठली निवडता त्यावर पण बरंच अवलंबून असतं. स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवरच्या गाइडला मालक असतो. तो आणि त्याने जोडलेले लोक सोडून कोणी एडिट करू शकत नाही, त्यामुळे त्याचं लग्न झालं, नोकरी लागली की गाइड तिथेच थिजतं, आणि जुन्या लाइक्सच्या जोरावर वरतीच दिसत राहतं. विकीला मालक नसतो, तिथे उलटं दुखणं, वीस जणांची वीस मतं एका परिच्छेदात. आम्ही मधला रस्ता धरलाय, एडिट कोणीही करा पण प्रत्येक भागावर एकाचं नाव, आणि 'शेवटचं तपासलं' म्हणून तारीख. 'शेवटचं बदललं' नाही हं. बदललेलं नसेल तरी खेळून बघून तारीख टाकायची, त्याने वाचणाऱ्याला कळतं की हे कोणीतरी अलीकडे वापरलंय.

आता उरलाय पाण्याच्या मॅपचा भाग. ग्रुपमध्ये जहाजं कोणीच धड खेळत नाही, त्यामुळे तिथला जुना मजकूर काढून मी मोठ्या अक्षरात टाकलंय की इथे सध्या कोणी तपासणारं नाही, दुसरीकडे वाचा. कोणी आयलंड्स हा पाण्याचा मॅप मनापासून खेळत असाल तर सांगा, एडिटचा ॲक्सेस लगेच देतो.