स्वतःच्या मेल सर्व्हरवर फॉरवर्डिंग: काही मेल येतात, काही येतच नाहीत

पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये फॉरवर्डिंगचं, म्हणजे आलेला मेल दुसऱ्या पत्त्यावर धाडायचं, काम फारसं नाही. व्हर्च्युअल फाइलमध्ये डावीकडे आपल्या डोमेनचा पत्ता, उजवीकडे मेल जिथे जायला हवा तो पत्ता. ती फाइल पोस्टफिक्सला वाचता यावी म्हणून पोस्टमॅप ही कमांड चालवायची, पोस्टफिक्स रीलोड करायचं. चाचणीचा मेल चटकन पोचतो.

खरा वैताग पुढे. मित्रांचे मेल येत होते; पासवर्ड बदलण्याचे, ओटीपीचे मात्र गायब. पाठवणारा म्हणे, आम्ही पाठवलाय. मेल जिथे पोचायला हवा होता त्या सेवेला विचारलं, तर ठरावीक साच्यातलं उत्तर: पाठवणाऱ्याशी संपर्क साधा. अहो, पाठवणाऱ्याचं काहीच चुकलेलं नाही! बाउन्स, म्हणजे मेल पोचला नाही असा उलटा येणारा निरोप, माझ्याकडे येईना, कारण तोही मूळ पाठवणाऱ्याकडेच जातो. शेवटी मेल लॉग उघडला, तेव्हा समोरच्या सर्व्हरचा ५५० चा, म्हणजे कायमचा, नकार दिसला.

गोम अशी: फॉरवर्ड करताना लिफाफ्यावर (सर्व्हर एकमेकांना सांगतात तो, वाचणाऱ्याला दिसणाऱ्या फ्रॉमपेक्षा वेगळा) पाठवणाऱ्याचा पत्ता मूळचाच राहतो, पण मेल निघतो आपल्या आयपीवरून. समोरचा सर्व्हर त्या डोमेनचा एसपीएफ रेकॉर्ड, म्हणजे त्याच्या नावाने कोणते आयपी मेल पाठवू शकतात ती यादी, बघतो, त्यात आपला आयपी नसतो, आणि दार बंद. एसपीएफ जितका कडक, तितकी ही शक्यता जास्त, म्हणून चाचणी अशाच एखाद्या कडक डोमेनवरून करा. स्वतःचा मेल स्वतःला पाठवून काही कळत नाही.

यावर उपाय एसआरएस, म्हणजे लिफाफ्यावरचा पत्ता आपल्या डोमेनचा करून टाकणं. पोस्टएसआरएसडी हे सॉफ्टवेअर हे काम करतं, आणि बाउन्स आला की पत्ता उलटा फिरवून मूळ माणसाकडे धाडतं. पोस्टफिक्सच्या सेंडर कॅनॉनिकल क्लासेस या सेटिंगमध्ये फक्त एन्व्हलप सेंडर (लिफाफ्यावरचा पाठवणारा) ठेवा. नाहीतर मेलमधला दिसणारा फ्रॉमसुद्धा बदलतो आणि डीकेआयएमची सही (पाठवणाऱ्या डोमेनने मेलवर केलेली डिजिटल सही) मोडते. आपल्या डोमेनचा एसपीएफ मात्र आधी नीट हवा, कारण आता तपासणी त्याचीच होणार.

एवढ्यावरही डीएमएआरसी उरतंच, म्हणजे दिसणारा फ्रॉम एसपीएफ किंवा डीकेआयएममधल्या डोमेनशी जुळतो का ही तपासणी. एसपीएफ पास होतो तो आपल्या नावाने आणि फ्रॉम असतो दुसऱ्याचा, म्हणजे जुळणी नाही. सगळी भिस्त डीकेआयएमवर. त्यामुळे वाटेत विषयाला ‘स्पॅम’ची शेपटी लावणं, खाली तळटीप चिकटवणं बंद. मुळात डीकेआयएमच नसलेला आणि डीएमएआरसीचं धोरण ‘रिजेक्ट’ असलेला पाठवणारा भेटला, तर फॉरवर्डिंगने तो मेल पोचवायची आशा सोडा.

हो, आणि हे सगळ्यात आधी बघायचं: होस्टिंगवाल्याने बाहेर जाणारा पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो) बंद तर ठेवला नाही ना, आणि आयपीचा पीटीआर रेकॉर्ड (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारा) लावलाय ना. स्पॅमची चाळणीही फॉरवर्ड करण्याआधीच लावा. कचरा पुढे ढकलला की बदनामी आपल्याच आयपीची होते.

महत्त्वाच्या पत्त्यांची एक प्रत मी आता सर्व्हरवरच ठेवतो. व्हर्च्युअलमध्ये उजवीकडे स्वल्पविराम देऊन स्थानिक मेलबॉक्सही लिहिला की झालं. ओटीपी अडला तर तिथे जाऊन वाचता येतो.