दोन डब्या

आमच्या इचलकरंजीच्या घरात टीव्हीच्या वरच्या फळीवर सध्या दोन डब्या शेजारी शेजारी असतात. एक माझी, इअरबड्सची, जिच्यावर मी हौसेने मांजराचं कव्हर चढवलंय. दुसरी अण्णांची म्हणजे आजोबांची, तिच्यात त्यांचं कानातलं मशीन. साईज साधारण सारखीच, त्यामुळे आजी धूळ पुसताना रोज विचारते, "ह्यातली म्हाताऱ्याची कुठली?" आणि मी रोज सांगते की मांजर माझं.

तर झालं असं की जूनपासून मी घरूनच काम करतेय, पुण्याला महिन्यातून एकदा तोंड दाखवायला जायचं. दिवसभर मीटिंगा, त्या संपल्या की गाणी, गाणी संपली की झोप लागेपर्यंत काहीतरी गप्पांचे कार्यक्रम, थोडक्यात बड्स कानातून निघतात ते फक्त आंघोळीला. आणि ऐन पावसात उजवा बड चार्ज होईना. डावा शंभर टक्के, उजवा मेलेला. पुण्यात दाखवला होता, काउंटरवरच्या मुलाने हातात न घेताच सांगितलं, मॅडम ह्यात दुरुस्ती नसते, नवीन पेअर घ्या. मग मैत्रिणीने नेहमीचा इलाज सांगितला, तांदळात ठेव, ओल गेली असेल. मी ठेवला. सांगायचं मात्र कुणाला विसरले.

दुसऱ्या दिवशी आजीला भाताचे तांदूळ निवडताना तो सापडला आणि घरात जो काही गोंधळ झाला तो इथे लिहीत नाही.

अण्णांनी तो बड खिडकीशी नेला, भिंग लावून बघितला. अण्णा आधी मागावर, म्हणजे विजेवर कापड विणणाऱ्या यंत्रमागावर होते, मग जॉबर झाले, म्हणजे कारखान्यात बिघडलेले माग दुरुस्त करणारे, त्यामुळे बंद पडलेली कुठलीही वस्तू हातात आली की त्यांचा चेहराच बदलतो. म्हणाले, "मशीनला काय झालेलं न्हाई, घाण बसलीय." आणि खरंच, बडच्या दांडीला खाली जे दोन पितळी ठिपके असतात, ज्यातून चार्जिंग होतं, ते काळेहिरवे पडलेले. घामातलं मीठ. मी बड्स घालूनच सकाळी गच्चीवर फेऱ्या मारते आणि उतरले की तसेच घामट डबीत टाकून झाकण लावते, आत दमट, वरून पावसाळा. खोक्यावर आयपीएक्स4, म्हणजे पाण्यापासून किती बचाव होतो त्याचा दर्जा, लिहिलंय म्हणून मी निर्धास्त होते, पण त्या चारचा अर्थ एवढाच की शिंतोडे उडाले तर चालतील. खारट घामात दोन वर्षं मुरत ठेवा असं काही ते सांगत नाही. आणि तो एक्स म्हणजे धुळीची परीक्षाच घेतलेली नाही, जे मला आत्ता कळलं.

त्यांनी कोरड्या कापसाने ते ठिपके पुसले, मग फडक्याला स्पिरिटचा नुसता ओलावा लावून पुन्हा. डबीच्या आतल्या पिनाही पुसल्या. रबरी टोप्या काढून साबणाच्या पाण्यात धुवायला मला दिल्या आणि बजावलं की पूर्ण वाळल्याशिवाय लावायच्या नाहीत. मग बडमधून आवाज येतो ती जाळी. ही मी आजवर टाचणीने टोकरायची, आणि ते बघून अण्णा जवळजवळ ओरडलेच. जाळीचं तोंड जमिनीकडे धरायचं आणि खालून मऊ ब्रश फिरवायचा, म्हणजे मळ बाहेर पडतो, वर धरून घासलं की तोच मळ आत जाऊन बसतो. तांदळाचाही तसाच प्रकार, ओल किती ओढतात देव जाणे, त्यांचा भुसा मात्र त्या बारक्या भोकांत जाऊन बसतो. (दोन दाणे डबीच्या बिजागरीत निघाले.)

उजवा बड चार्ज झाला. आजी म्हणाली, आता तरी तांदूळ सोडा.

खरं सांगायचं तर अण्णांचं मशीन मी इतक्या वर्षांत नीट बघितलंच नव्हतं. रात्री झोपताना ते काढतात, बॅटरीचं बारकं दार उघडं ठेवतात, आणि ओल शोषणारे सिलिका जेलचे दाणे असलेल्या डबीत ठेवून झाकण घट्ट लावतात. कानात बसणारा साचा मशीनपासून सोडवून कोमट पाण्याने धुतात आणि नळीत फुंकर मारून पाणी काढतात. बॅटरी म्हणजे हरभऱ्याच्या डाळीएवढी गोल टिकली, तिला नारिंगी स्टिकर, तो सोलला की हवा आत जाते आणि ती जागी होते. हवेवर चालणारी बॅटरी, जस्ताची. स्टिकर काढल्यावर ते लगेच मशीनमध्ये घालत नाहीत, मिनिटभर हातावर ठेवून थांबतात, तिला पुरेशी हवा मिळू दे म्हणून. हे सगळं रोज, देवपूजेसारखं. आणि त्यांच्याहून जास्त तास कानात मशीन घालणारी मी, माझी डबी मे महिन्यात भावाच्या गाडीच्या डॅशबोर्डवर दिवसभर उन्हात पडलेली असते, म्हणून तर बॅटरी अर्धमेली झालीय, कारण लिथियमच्या बॅटरीला उष्णता फार वाईट आणि बडमधली बॅटरी मुळातच एवढीशी.

आता ते मशीन त्यांना का लागतं हे सांगायला हवं. इचलकरंजीत राहिलेल्याला सांगावं लागत नाही. आमच्या गल्लीत आजही चार घरं सोडून यंत्रमागांचा कारखाना आहे आणि खटखट खटखट हा आवाज आम्हाला घड्याळाच्या टिकटिकसारखा वाटतो. आत गेलात तर शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा, या टोकापासून त्या टोकाला आपटतोय, मिनिटाला शंभरवर वेळा, आणि असे वीस-चोवीस माग एका शेडमध्ये पत्र्याखाली. तिथला आवाज नव्वद डेसिबलच्या वरच असतो. अण्णांनी बारा-बारा तासांच्या पाळ्या केल्या, कानात कधी कापूससुद्धा नाही. तिथली माणसं बोलत नाहीत, हातवारे करतात आणि ओठ बघून समजून घेतात.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आहे की मोठ्या माणसाने आठवड्याला 80 डेसिबल आवाज 40 तास ऐकला तर चालेल. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे 90 ला आले की आठवड्याचे फक्त चार तास. म्हणजे अण्णांचा आठवड्याचा कोटा सोमवारी सकाळच्या दुसऱ्या चहाच्या आतच संपायचा, आणि पुढे शनिवारपर्यंत सगळं उधारीवर.

त्यांचा ऑडिओग्राम, म्हणजे कान तपासल्याचा आलेख, आजीने लग्नपत्रिकांच्या पिशवीत जपून ठेवलाय. रेषा सरळ चालते चालते आणि 4000 हर्ट्झपाशी, म्हणजे बारीक, उंच आवाजांपाशी, खड्ड्यात पडते. आवाजाने गेलेल्या कानाची ही खूणच असते म्हणे. म्हणून अण्णांना हाक ऐकू येते, शब्द कळत नाहीत, 'स' आणि 'श' आणि 'फ' सगळे उडून जातात. कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यात बारीक केसांच्या काही हजार पेशी, त्या आवाज पकडतात, आणि एकदा गेल्या की परत उगवत नाहीत. माझ्या बडला निदान नवीन पेअर मिळते.

बरं, मी काय करत होते तेही सांगते. पुण्याहून एसटीने येताना खिडकी उघडी, इंजिनाचा घुमारा, शेजारी कुणाच्या तरी मोबाईलवर मोठ्याने रील्स, आणि त्या सगळ्यावर मात करायला मी आवाज वाढवत न्यायची. मध्येच फोन विचारतो, एवढ्या मोठ्या आवाजात जास्त वेळ ऐकल्याने कानांना त्रास होऊ शकतो, पुढे जायचं का? मी ओके दाबायची, तो मेसेज आजवर कुणी पूर्ण वाचला असेल असं मला वाटत नाही. फुल्ल व्हॉल्यूमला बरेच बड्स 100 डेसिबलच्या आसपास सहज जातात आणि तिथे आठवड्याचा कोटा वीस-पंचवीस मिनिटांचा. म्हणजे कात्रजचा घाट संपायच्या आत माझा कोटा संपला. आणि हीच मी गणपतीत डीजेच्या नावाने खडे फोडते. अण्णांना निदान त्याचा पगार मिळत होता.

आता थोडी सुधारलेय. एसटीत नॉइज कॅन्सलेशन चालू करते. ते बाहेरचा आवाज माईकने ऐकून त्याची बरोब्बर उलटी लाट कानात सोडतं, इंजिनाची घरघर जाते आणि गाणं निम्म्या आवाजात पुरतं. रील्सवाल्यावर मात्र त्याचा फारसा इलाज नाही, माणसाच्या बोलण्यापुढे ते हात टेकतं. रस्त्याने चालताना एकच कान. झोपताना काढते, हे अजून रोज जमत नाही. शेजारच्या काकू म्हणतात ब्ल्यूटूथने मेंदू शिजतो, त्यांना मी सांगून दमले की त्याची ताकद काही मिलिवॅटची असते, कानाला लावलेल्या फोनपेक्षा बरीच कमी, पण काकूंना ते पटत नाही आणि मीही आता वाद घालत नाही.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारची जेवणं झाली होती, अण्णा पलंगावर आडवे, मशीन काढून डबीत. मी खाली चटईवर, कानात बड्स, कॅन्सलेशन चालू, आवाज कमी, डोळे मिटलेले. कुणीतरी पायाने पायाला ढोसलं म्हणून डोळे उघडले तर आजी दोघांच्या मधोमध उभी, हातात पोळ्यांचा टोप, तोंड हलतंय, हात वर पंख्याकडे. पंखा हळूहळू थांबत होता. मी बड काढायला कानाकडे हात नेला तेवढ्यात अण्णा, डोळे तिच्या ओठांवर ठेवून, मला मोठ्याने सांगू लागले, "लाईट गेलीया म्हणत्या ती. माग थांबलेत."