वृद्धाश्रमातला मास्क

खोकला-तापाची साथ आली की वृद्धाश्रमात आधी मास्क लावायचा तो सेवकांनी आणि भेटीला येणाऱ्यांनी, कारण संसर्ग बहुतेकदा बाहेरूनच आत येतो. तीन पदरी सर्जिकल मास्क घ्या. झडप असलेला नको. त्यातून आपला उच्छ्वास न गाळता बाहेर पडतो.

आधी साबणाने हात धुवा. रंगीत बाजू बाहेर, तारेची कड वर. तार नाकावर दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा आणि मास्क हनुवटीखाली ओढा. चष्म्यावर वाफ धरली, तर वरून फट राहिली आहे.

खरा घोळ होतो घास भरवताना. आजींना ऐकू येत नाही म्हणून सेविका मास्क हनुवटीवर ओढते आणि नेमकी तोंडाजवळ वाकून बोलते. त्यापेक्षा पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवावं.

मास्क ओलसर झाला की बदला. काढताना फक्त कानामागचे बंद धरा, झाकणाच्या डब्यात टाका, पुन्हा हात धुवा.

धाप लागणाऱ्या किंवा स्वतःच्या हाताने मास्क काढता न येणाऱ्या आजी-आजोबांना तो लावूच नये. त्यांच्या खोलीची खिडकी उघडी ठेवा.