क्लच कळला तो बुटांमुळे!

आज ड्रायव्हिंग क्लासला जाड सोलचे स्पोर्ट्स शूज न घालता साधे कॅनव्हासचे बूट घातले आणि क्लच एकदम कळायला लागला! हाफ क्लचला, म्हणजे क्लचचं पेडल अर्धवट सोडल्यावर, इंजिनचा आवाज जड होतो, गाडी किंचित थरथरते ना, ती थरथर थेट तळपायाला जाणवली. कात्रजच्या चढावर हँडब्रेक सोडला तरी गाडी मागे सरकली नाही. केवढा आनंद झाला!

स्लिपर घालून आलेल्याला आमचे सर स्टीअरिंगला हातच लावू देत नाहीत, आणि मला ते शंभर टक्के पटतं. मागे पट्टा नसलेली चप्पल निसटून ब्रेकखाली अडकली तर? पावसात तर ओले तळवे आधी पायपुसणीवर घासून घ्याच, पेडलवरून पाय सटकतो. आणि नव्याने शिकणाऱ्या मैत्रिणींनो, हिल्स पिशवीत ठेवा, पोचल्यावर घाला.